पुढचा पाहुणा

पणजोबांनी आयुष्यभर दरवाजे घडवले. आजोबांनी त्या दरवाजांना कुलपे बसवली. आणि वडिलांनी कुलपांचे दुकान चुलत्यांच्या हवाली करून नाचाच्या हॉलमधल्या बँडमध्ये गिटार हाती धरली. अशा घरात जन्मलेल्या थोरलीकडे वारशाने दोन गोष्टी आल्या: वडिलांची गिटार आणि आजोबांचा स्वभाव. कुलूप करणारा माणूस समोरच्याचे हात आधी पाहतो, तोंड मागाहून. थोरलीही तेच करी, आणि त्यात तिला काही वावगे वाटत नसे.

गिटार तशी होतीच जपण्यासारखी. आतून पोकळ, पोट सारंगीसारखे कोरून फुगवलेले, दोन्ही बाजूंना लांबट वळणदार फटी. मधोमध मधाचा रंग, कडेला जात जात तो काळसर होई. वार्निशला केसासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या आणि मानेच्या पट्टीवर जडवलेले शिंपले दातांसारखे पिवळे झाले होते. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकत ती घोडी चिकटवलेली नव्हती. तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी असे. म्हणून तारा बदलायच्या त्या एकेक करून, सगळ्या एकदम कधी काढायच्या नाहीत, हा वडिलांचा दंडक थोरलीने त्यांच्यामागेही मोडू दिला नव्हता. धाकटा भाऊ दर शनिवारी हॉटेलच्या दालनात ती वाजवायला नेई. नेताना ती थोरली देई, आणल्यावर थोरली घेई, आणि मधल्या वेळात तिचे जेवणात लक्ष नसे.

त्या हॉटेलातूनच चष्मेवाला त्यांच्या घरी आला.

पेठेच्या टोकाला त्याचे चष्म्यांचे दुकान होते. माणूस मवाळ, बोलणे हळू, पायांचा आवाज नाही. धाकट्याचे वाजवणे ऐकले, जुनी गिटार जवळून पाहायची फार इच्छा आहे, असे म्हणून तो एका रविवारी दुपारी आला आणि मग दर रविवारी येऊ लागला. जुन्या वाद्यांचे दलाल कसे असतात हे थोरलीला ठाऊक होते. ते आल्याबरोबर वाद्याला नावे ठेवतात, मग किंमत पाडतात. हा मात्र नावे ठेवीना, किंमतही विचारीना. हेच तिला खटकले. ज्याला काहीच नको असते तो दर आठवड्याला जिने कशाला चढेल?

शिवाय त्याचे पाहणे सरळ नव्हते. वार्निशकडे नाही, शिंपल्यांकडे नाही. खिशातली छोटी बॅटरी काढून तो तारांच्या खाली डोकावे. तिथे दोन पिकअप होते, तारांचा कंप उचलून विजेच्या भोंग्याकडे पाठवणाऱ्या चुंबकाच्या दोन पेट्या. एक पुढे, मानेजवळ, आणि एक मागे, घोडीजवळ. त्याला फक्त पुढचा ऐकायचा असे. थोरली दाराला पाठ लावून बसे आणि तो गेल्यावर गिटारचा एकेक स्क्रू बोटाने चाचपून पाही.

एकदा धाकट्याने सहज विचारले, पाहुणा लावू का? घरात पुढच्या पिकअपला पाहुणा आणि मागच्याला घरचा म्हणायची पद्धत वडिलांपासून होती. पुढे बसतो म्हणून पाहुणा, असेच सगळे समजत. पण तो शब्द ऐकून चष्मेवाल्याचा हात कपासकट हवेत थांबला. त्याने विचारले, हे नाव कोणी ठेवले? वडिलांनी, असे धाकटा म्हणाला. चष्मेवाला चहा तसाच ठेवून निघाला.

थोरलीची खात्री पटली. त्याला पुढचा पिकअप हवा होता. जुना खरा काढून त्या जागी नवा खोटा बसवायचा, आणि भोळ्या धाकट्याला पत्ताही लागू द्यायचा नाही. वडिलांचा तो मऊ, किंचित घोगरा आवाज त्या एका पेटीत होता. ती गेली की उरले असते ते नुसते सुंदर लाकूड. भरीस भर म्हणजे धाकटाही जिन्यात त्याच्याशी कुजबुजताना तिला दोनदा दिसला होता. घरचाच फितूर झाला की कुलूप काय कामाचे?

तिने ठरवले की दुकान स्वतः पाहायचे. डोळे तपासून घ्यायचे निमित्त करून ती एका सकाळी तिथे जाऊन उभी राहिली.

"बरं झालं आलात, ताई," चष्मेवाला म्हणाला. "धाकटे केव्हाचे मागे लागलेत. म्हणतात, ताईला दिसत नाही, पण ते तिला सांगायची कोणाची छाती नाही."

कुजबूज ती होती तर. थोरलीला राग आला, आणि थोडे हायसेही वाटले. पण तिने दोन्ही चेहऱ्यावर येऊ दिले नाही.

त्याने तिच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितले. तेवढ्यात कोणी गिऱ्हाईक आले म्हणून तो पुढे गेला. थोरलीने डोळे उघडले. सगळे धुक्यात बुडाल्यासारखे दिसत होते. त्या धुक्यात मागच्या खोलीच्या भिंतीवर तिला मधाचा रंग दिसला, कडेला काळसर होत गेलेला.

गिटार घरी कपाटात होती, किल्ली तिच्या कमरेला होती. म्हणजे याने हुबेहूब दुसरी घडवून घेतली! बदली करायची सगळी तयारी झाली होती. ती भिंतीचा आधार घेत आत गेली आणि, डोळे चालत नव्हते म्हणून, बोटांनी पाहू लागली. पोटाचा फुगवटा तोच. फटींची वळणे तीच. वार्निशच्या चिराही होत्या, आणि त्या कोणाला नव्याने पाडता येत नाहीत. ही नक्कल नव्हती. ही तितकीच जुनी, त्याच कारखान्यातली जोडीची बहीण होती. तिची बोटे घोडीवरून मानेकडे गेली, आणि पुढचा पिकअप जिथे असायचा तिथे आत बुडाली. तिथे रिकामे भोक होते. कडांवर धूळ नव्हती. कोणीतरी ते रोज पुसत होते.

"किती वर्षांपासून रिकामं आहे?" तिने विचारले. मागे तो येऊन उभा राहिल्याचे तिला जाणवले होते.

"मी शाळेत जायच्या आधीपासून."

मग तो हळूहळू सांगत गेला. दोघांचे वडील एकाच बँडमध्ये शेजारी बसत. गिटारीही त्यांनी जोडीने घेतल्या होत्या. एका संध्याकाळी हॉल भरलेला असताना थोरलीच्या वडिलांचा पुढचा पिकअप जळाला. त्या रात्री मुख्य वादन त्यांचे होते, म्हणून मित्राने स्वतःचा काढून त्यांच्या गिटारीत बसवला. पुढे बँड मोडला, घरे बदलली, दोघांची गाठ पडली नाही. चष्मेवाल्याच्या वडिलांनी त्या जागी दुसरा कधी बसवला नाही. माझा पाहुणा गेलाय, येईल, असे म्हणत म्हणतच ते गेले. आणि त्या रविवारी तोच शब्द त्याने परक्या घरात ऐकला होता.

"मग मागितला का नाहीत?"

"मागितला असता तर तुम्ही मला दारात तरी उभं केलं असतं का? निदान ऐकायला तरी मिळत होतं."

थोरली अशी नुसत्या गोष्टीने विरघळणारी नव्हती. गोष्ट कोणीही रचतो, आणि रिकामे भोक कोणीही पाडतो. रविवारी आपली गिटार घेऊन या, एवढे सांगून ती भिंती चाचपत बाहेर पडली.

रविवारी दोन्ही गिटारी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. थोरलीने आपल्या गिटारची घोडी कागदी पट्टीने जागेवर धरून ठेवली, तारा सैल केल्या आणि पुढच्या पिकअपचे स्क्रू स्वतः काढले. धाकटा नखे चावत उभा होता. वडिलांचे काम तिने लहानपणापासून पाहिले होते. जे कायमचे राहणार ते वडील सोल्डरने, कथील वितळवून, पक्के जोडत. जे परत द्यायचे, त्याच्या तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळत. मागचा पिकअप पक्का जोडलेला आहे, हे तिला माहीत होते. पुढचा आजवर कोणी उचलून पाहिला नव्हता.

तिने तो उचलला. खाली दोन पिळलेल्या तारा होत्या, आणि त्यांच्यावर वाळून कडकडीत झालेली चिकटपट्टी.

आजोबांच्या स्वभावाने तिला सर्वांच्या हातांकडे पाहायला शिकवले होते. घरातल्या हातांकडे पाहायचे तेवढे राहून गेले होते. वडिलांना विसर पडला नव्हता. ते रोज त्या वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत होते, आणि ऐकणारे हसत होते.

"ताई, त्यातच बाबांचा आवाज आहे गं," धाकटा कळवळून म्हणाला. "शनिवारी मी काय वाजवू?"

"घरचा वाजव."

"आपल्या गिटारीला भोक राहील."

"त्यांच्या घरी राहिलंच होतं की. कोणी मेलं नाही."

चष्मेवाला दोन पावले मागे सरकला. राहू द्या, ताई, मला खरेच नको, असे तो म्हणू लागला. पण थोरलीने नजरेनेच त्याला गप्प केले. तिने चिकटपट्टी सोलली, पीळ उलगडला आणि पिकअप त्याच्या गिटारच्या रिकाम्या जागी ठेवला. तो तिथे असा बसला की जणू कधी उठलाच नव्हता. पिकअपचे स्क्रूही तिने चष्मेवाल्याच्या हाती दिले. मग धाकट्याला सोल्डरिंगची पेटी आणायला लावली.

"पक्का जोड," ती म्हणाली. "पीळ नको."

जोड थंड झाल्यावर चष्मेवाला गिटार पिशवीत घालू लागला. थोरलीने त्याचा डावा हात धरून ठेवला.

"अशी कशी नेता? देणं वाजवून घ्यायचं असतं."

त्याला धड वाजवता येत नव्हते. त्याने मोकळ्या हाताने भोंग्याची तार जोडली, अंगठ्याने एकच जाड तार छेडली, आणि तो मऊ, किंचित घोगरा आवाज खोलीभर पसरला. थोरली ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. तार पूर्ण विझल्यावरच तिने मान हलवली आणि त्याचा हात सोडला.

देणे पुरेपूर फिटले होते.