दिवेलागणीचा घास

राजमतीनं खळीची चरवी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. तिच्या नवऱ्यानं, तवनाप्पांनी, दुकानाच्या भिंतीवर कागदाची टोकं दाबून बसवली, चार पावलं मागं सरून पाहिलं. सांगलीहून मुद्दाम छापून आणलेलं चित्र. पितळी ताट, ताटात बोकडाच्या मुंडीच्या जागी तान्ह्या पोराचं डोकं आणि समोर घास उचललेली आई. खाली ठसठशीत अक्षरं : ‘हे तुझं लेकरू असतं तर?’

“आवं, लयच भयंकर हाय हे,” राजमती हलकेच म्हणाली.

“भयंकर कापणं हाय, चित्र न्हवं. धा वर्सं जत्रंत हात जोडून सांगतोय, कुणी ऐकलं? काळजाला चटका बसल्याबिगर माणूस हलत न्हाई.”

समोरच्या दारात राहीबाई उभी होती. तिचा एकुलता कृष्णात पलटणीत, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढत होता. तीन महिने पत्र नव्हतं. तो घरी येईपर्यंत दर जत्रेला म्हसोबाला एक बोकड, असा तिचा नवस होता. जत्रा परवावर आली होती.

“काकू, काय लिवलंय त्यात?”

राजमती घुटमळली. खोटं बोलायचं नाही हा तिचा नेम. होतं तसं तिनं वाचून दाखवलं.

राहीबाई बराच वेळ ताटातल्या तोंडाकडं बघत राहिली.

“कान आमच्या कृष्णातागतच हायती,” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी तिच्या घरातून धूर निघाला नाही.

दिवस कलला. राजमतीनं दुकानालगतच्या सोप्यात स्वतःचं ताट वाढून घेतलं. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंबही नाही, हे जैनाघरचं व्रत लग्नापासून, बावीस वर्षं. पहिला घास मोडणार तोच राहीबाई बोकडाला ओढत आली आणि तिनं तो दुकानाच्या खांबाला बांधला.

“अण्णा, घ्या ह्येला. न्हाई कापत.”

तवनाप्पांचा चेहरा फुलला.

“बघितलंस? धा वर्सात झालं न्हाई ते एका कागदानं केलं! उद्याच सांगली गाठतो, आणि शंभर आणतो.”

राहीबाईनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती उंबऱ्यावर बसली.

“काकू, तुमी एवढं नेम पाळता. मोडला तर काय हुतं?”

“काय न्हाई हुत! सांग की तिला,” तवनाप्पा म्हणाले.

तापात फणफणताना, बाळंतपणाच्या कळा सोसताना राजमती रात्र रात्र तहानेली राहिली होती. काही होत नाही असं कोणत्या तोंडानं सांगावं? आणि दोष लागतो म्हणावं, तर बोकडाची दोरी पुन्हा राहीबाईच्या हातात. ते जनावर खांबाशी उभं राहून रवंथ करत होतं.

“कापलं तर ते ताटातलं पोर डोळ्यांम्होरं येतंय. न्हाई कापलं तर देव कोपतोय,” राहीबाई म्हणाली. “मी कुठनं जाऊ?”

“जेव आदी. दिवस बुडतोय,” तवनाप्पांनी राजमतीला आठवण करून दिली.

तिनं ताटाला हात लावला नाही. उसाच्या फडामागं सूर्य गेला. तिनं उठून देवापुढं दिवा लावला, हात जोडले. मग ताट उचललं आणि उंबऱ्यावर राहीबाईशेजारी येऊन बसली.

“अगं, अंधार पडला!” तवनाप्पा म्हणाले.

तिनं भाकरी मोडली. हात तोंडापाशी एकदा थांबला. मग घास आत गेला. तिनं तो सावकाश चावला, गिळला.

“आता दोघींचा नेम मोडला, राहीबाई. काय यायचं ते दोघींच्या वाटणीला येईल.”

आणि उरलेली भाकरी तिनं पुढं सरकवली. सकाळपासून उपाशी असलेल्या राहीबाईचा हात भाकरीकडं गेला.

तवनाप्पा बाहेर आले. बोकडानं दोरी ताणून भिंत गाठली होती. वाळल्या खळीसकट चित्राचा खालचा कोपरा त्याच्या तोंडात होता. त्यांनी हाकलायला हात उचलला, आणि तसाच ठेवून त्याला खाऊ दिलं.