अठ्ठावीस माणसांचा भार

“हलू नका! श्वास घ्या हवं तर, पण हलू नका!” खालून इंजिनिअरबाई ओरडल्या.

जुन्या कोर्टाच्या वरच्या मजल्यावर अठ्ठावीस निवृत्त कर्मचारी पुतळ्यांसारखे उभे होते. इथे सार्वजनिक वाचनालय व्हायचं होतं. पुस्तकांचं ओझं ही लाकडी जमीन पेलेल का, याची आज परीक्षा होती. नापास झाली तर इमारत पाडायची. वाळूची पोती कमी पडली, तेव्हा बघायला आलेली ही मंडळी “मग आम्ही कशाला आहोत?” म्हणत, आपापलं वजन सांगून पोत्यांशेजारी उभी राहिली होती.

पहिला उभा राहिला तो दप्तरी. एकतीस वर्षं त्याने याच जिन्याने खटल्यांची दप्तरं वाहिली होती. इथे खुशीने वर चढणारा माणूस त्याला अजून पाहायचा होता.

बाई वर आल्या त्या पडल्या चेहऱ्याने. “तीन मिलिमीटर वाकली असती तर चाललं असतं. सव्वातीन वाकलीय.”

ओझं उचलण्याआधी नजरेने तोलायची दप्तरीची जुनी सवय. तो म्हणाला, “जमीन खोटं बोलत नाही, बाई. माणसं बोलतात. हेडक्लार्कसाहेबांनी किती सांगितलं?”

“बहात्तर.”

“तेवढं तर नुसतं पोट भरेल!”

“तोंड सांभाळ!” हेडक्लार्क गरजले. “डॉक्टरांनी सांगितलंय बहात्तर!”

“करायला सांगितलंय,” टायपिस्टबाई पुटपुटल्या.

समोरच्या दवाखान्यातून वजनकाटा आला. हेडक्लार्क शहाऐंशी भरले. टायपिस्टबाईंनी चपला, चष्मा, पर्स सगळं उतरवलं, तरी सांगितल्यापेक्षा अकरा किलो जास्तच. हसून हसून लोकांची पोटं दुखली. वहीतली बेरीज फुगत गेली, तशा इंजिनिअरबाई खुलत गेल्या. ठरल्यापेक्षा तीनशे किलो जास्त चढले होते आणि तरी जमीन फक्त सव्वातीन वाकली होती!

“पास!” बाई म्हणाल्या. “आता तुम्ही तेवढे राहिलात, दप्तरी. बासष्ट ना?”

“राहू द्या की. पास झाली ना?”

“नोंद पुरी हवी.”

तो काट्यावर चढला. अठ्ठेचाळीस.

हशा तोंडातच राहिला.

“बासष्ट होतो हो,” तो खाली बघत म्हणाला. “ही होती तेव्हा.”

हेडक्लार्क खाकरले. “बाई, माझे जास्तीचे चौदा याच्या नावावर घाला.”

एकूण बेरजेत काहीच फरक पडत नव्हता. बाईंनी तसंच लिहिलं.