सत्तावीसशे

लाल बटणाचा रंग अंगठ्याच्या जागी उडून गेला होता, आणि त्या उडालेल्या जागेकडे तो इतका वेळ पाहत होता की तिथे एखादा चेहरा दिसू लागावा... थोरल्या मुलीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे त्याला साठावं लागलं होतं आणि अक्षरओळख होऊन सोळा वर्षं झाली होती.

अकरा वाजता त्याने ते बटण दाबलं होतं. आता अकरा वीस. खिडकीबाहेर माळावर एकशे ऐंशी खांब उभे, एकूण एक त्याच्या हातचे. त्यांच्यातून आभाळाकडे आच जात होती. आच म्हणजे काय, ते बाईंनी, म्हणजे इथल्या मुख्य शास्त्रज्ञांनी, एकदा समजावलं होतं – वर, ढगांच्याही कितीतरी वर, विजेचा एक प्रवाह मुळातच वाहत असतो. तिथली हवा तापवली की तो बदलतो, आच थांबली की पुन्हा होता तसा होतो, आणि सेकंदाला हजारो वेळा असं तापव-थांब केलं की प्रवाहच थरथरतो, त्यातून संथ, लांबलचक लहरी निघतात, इतक्या लांब की त्या पाठवायला जमिनीवर कितीही तार ओढली तरी पुरायची नाही. "म्हणजे आभाळालाच तार करायचं," तो म्हणाला होता, आणि बाई हसल्या होत्या, "मिस्त्रीकाका, हे वाक्य मी चोरणार हं."

फोन वाजला. बाई चाळीस किलोमीटरवर, दरीतल्या तंबूत कान लावून बसलेल्या. शेजारी वरच्या कचेरीने पाठवलेला तपासनीस. आज लहर सापडली नाही तर खांब उतरवायचे, असा कागद त्याच्या खिशातच होता. मागच्या खेपेला बाईंनी ऐकलेला सूर त्याने एका वाक्यात मोडीत काढला होता: "ऐकायचंच ठरवून बसलं की भिंतसुद्धा गाते." म्हणून आजचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती वेळा तापव-थांब करायचं तो, तपासनिसाने स्वतः, ऐन वेळी ठरवला होता, आणि बाईंनी तो फोनवरून कळवला होता.

"काका, काही नाही हो," बाई म्हणाल्या. "सत्तावीसशेवर नुसता शुकशुकाट. बटण दाबलंत ना?"

"दाबलं की."

त्याने समोरची चिठ्ठी पाहिली. ऐकून त्यानेच लिहिलेली, तिच्यावरूनच यंत्राचा आकडा लावलेला. ७२००.

सत्ता – वीस. आधी सात ऐकू आला, आधी सात लिहिला... "अरे ठोंब्या, आधी वीसचा दोन, मग सात!" – आक्का, त्याची मोठी बहीण, भांडी घासताघासता ओरडायची; त्याच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनेच त्याला गिरवायला बसवलं होतं. "आपला आकडा उलट्या पावली घरात येतो. ऐकलंस तसं लिहिलंस की फसलास!" सोळा वर्षांत तो फसला नव्हता – म्हणजे, कुणाला कळलं नव्हतं. आताही गुपचूप आकडा बदलता येईल. यंत्र थोडंच चुगली करतंय... पण वीस मिनिटं कुठे गेली म्हणून बाई विचारतील, तपासनीस विचारील, आणि मग म्हणतील अंगठेबहाद्दर. एवढ्या वाऱ्यात मी त्या खांबांवर चढलो, तेव्हा पाय लटपटले नाहीत. आताच का जीभ लटपटते माझी?

"बाई, माझी चूक झाली. उलटं लिहिलं. बहात्तरशे लावलंय."

पलीकडे कागदाची सळसळ – तिथल्या यंत्रात सगळेच सूर कागदावर उतरत, फक्त डोळे तेवढे सत्तावीसशेवर लागलेले. मग बाई, अगदी हळू, "काका... रेघ आहे. बरोबर अकराला सुरू झालेली. ताठ, तुमच्या खांबासारखी."

"कुठला तरी पंप असेल," मागून तपासनीस. आणि लगेच तोच फोनवर. "बंद करा बघू."

त्याने बंद केलं.

"गेली. करा चालू."

चालू केलं.

"आली... पुन्हा बंद." असं पाच वेळा. मग तपासनिसाने श्वास सोडला. "इथे बहात्तरशेची वाट कुणीच पाहत नव्हतं. भिंत गायली असती ना, तर सत्तावीसशेवर गायली असती."

"ऐकलंत, काका?" बाई हसत होत्या की रडत होत्या, तारेवरून कळेना. "खांब राहिले! वहीत लिहा. झालं तसं लिहा."

त्याने वही ओढली. सांगितले २७००, लावले ७२००, चुकून. 'चुकून' खोडावंसं वाटलं नाही. उलट तो शब्द त्याने जरा ठसठशीत काढला आणि खाली पूर्ण सही केली, आणि लिहिताना कुणी पाहतंय का म्हणून मान वर करायची राहून गेली हे त्याच्या नंतर लक्षात आलं. खिडकीतलं आभाळ सकाळी होतं तसंच, निळं, गप्प. पण तिथे, इतक्या उंचावर, माझा उलटा आकडा थरथरला होता, आणि चाळीस किलोमीटरवर दोन शहाण्या माणसांनी तो नीट वाचला होता – मग ती चूकच का... छाती अशी भरून आली होती की हे ठरवायची घाईही वाटेना.

आधी दोन, मग सात शिकवणारी आक्का त्याच वर्षी, अकरा डिसेंबरला सकाळी वारली.