पाकाची तार

सुनेला वेळकाळ म्हणून कळत नव्हता. कढईत पाक उकळतोय, तो आत्ता उतरवायचा की आणखी दोन कढ द्यायचे याचा निकाल लागायचाय, आणि ही बया नेमकी त्याच क्षणाला ते चिमुकलं यंत्र घेऊन समोर उभी!

“आई, बोट द्या.”

“आत्ता? डोळ्यांना चष्मा काय शोभेला लावलायस? पाक बघतेय मी.”

“उपाशीपोटीच बघायला सांगितलंय. एकदा तुम्ही खाल्लंत की त्या आकड्याला अर्थ नाही.”

“उपाशी माणसाला टोचायचं आणि वर त्यालाच विचारायचं, तुझ्यात साखर किती! वा गं तुमचं शास्त्र!”

मालकीणबाईंनी पळीतला पाकाचा थेंब अंगठ्यावर घेतला, त्यावर पहिलं बोट टेकवलं आणि दोन्ही हळूच दूर केली. मधे केसासारखी तार ओढली गेली, थरथरली, तुटली. अजून एक कढ. त्यांनी आच तशीच ठेवली, कमरेला खोचलेल्या फडक्याला बोटं पुसली आणि तोच हात सुनेपुढे केला, मोठे उपकार केल्यासारखा.

दोन खोल्यांचा कारखाना. पुढच्या खोलीत बाटल्या, झाकणं, लेबलं आणि गल्ला. मागच्या खोलीत दोन शेगड्या, दोन कढया आणि भिंतीला टेकून संत्री सोलणाऱ्या दोघी. त्यांतली एक अखंड बोलायची, म्हणून तिचं नाव रेडिओ पडलं होतं. दुसरी फक्त हसायची. मालकीणबाईंचा नवरा गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. लोक म्हणाले, बाई, कढया विकून टाका. बाईंनी लोकांना दार दाखवलं आणि कढई चढवली. तेव्हापासून या कारखान्यातला जॅम असो की सरबत, पाकाला मालकीणबाईंचं बोट लागल्याशिवाय कढई उतरली नव्हती. मुलाने मोठ्या हौसेने पाकात बुडवायचा थर्मामीटर आणला होता. तो खिळ्याला लटकून धूळ खात होता.

यंत्र टुणकन वाजलं.

“दोनशे अठ्ठेचाळीस,” सून म्हणाली.

“शंभरपैकी?”

“आई, चेष्टा नाही.”

“शंभरपैकी दोनशे अठ्ठेचाळीस मिळाले म्हणजे पहिला नंबर माझाच ना? शाळेत कधी आला नाही, म्हातारपणी आला.”

रेडिओ फिस्सकन हसली. सून हसली नाही. तिने चष्मा वर सरकवला आणि जे एकांतात विचारायचं ते सगळ्यांदेखत विचारलं, “काल रात्री काय खाल्लंत? खरं सांगा.”

सोलणाऱ्या दोघींचे हात थांबले.

“तू वाढलंस तेच खाल्लं. अर्धपोटी.”

“मग साखर येते कुठून? इथे उभ्या उभ्या चाखता ना पाक? एवढंसंच, म्हणून सोडून देता ना?”

मालकीणबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. डॉक्टरीणबाईंनी मनाई केल्यापासून त्यांनी जिभेला पाक लावला नव्हता. चव बघायचं काम त्यांनी रेडिओकडे दिलं होतं, आणि रेडिओ ते गरजेपेक्षा जास्त मन लावून करत होती. चहासुद्धा बिनसाखरेचा, म्हणजे गरम पाण्याला रंग दिलेला. आणि ही कालची पोर चार माणसांत चोर म्हणते!

“चाखत नाही,” त्या एवढंच म्हणाल्या. ज्या बाईला एका वाक्यावर तीन वाक्यं सुनवल्याशिवाय चैन पडायचं नाही, ती दोन शब्दांवर थांबली म्हणजे घाव खोल बसला होता.

आवाज ऐकून मुलगा पुढच्या खोलीतून आला. त्याने आकडा बघितला आणि सुस्कारा टाकला. महिन्यापूर्वी असेच आकडे डॉक्टरीणबाईंना दाखवले, तेव्हा त्यांनी गोळीची ताकद वाढवली होती. तरी आकडा जागचा हलायला तयार नव्हता. म्हणून कालच सुनेने सासूला प्रयोगशाळेत नेऊन तीन महिन्यांच्या तपासणीसाठी रक्त द्यायला लावलं होतं.

“आई, आता एकच ठरवू,” मुलगा म्हणाला. “तीन महिन्यांचा आकडाही असाच आला तर शेगडीपाशी यायचं बंद. तू पुढे गल्ल्यावर बस.”

“गल्ल्यावर बसायला मी काय फोटो आहे?”

“इथे राहून तुझा हात आवरत नाही, त्याला आम्ही काय करणार?”

“आणि हा तीन महिन्यांचा आकडा कसला गं?” मालकीणबाईंनी मुलाकडे पाठ करून सुनेला विचारलं. “कालच्या रक्तात तीन महिन्यांपूर्वीचं कसं दिसतं?”

सून शिकलेली होती आणि समजावून सांगायची तिला आवड होती, तेवढं मान्य करायला हवं. “रोजचा आकडा त्या घडीचा असतो. सकाळी एक, दुपारी दुसरा. पण साखर रक्ताच्या पेशींना हळूहळू चिकटत जाते. जितके जास्त दिवस साखर जास्त, तितकी चिकटलेली जास्त. ती मोजली की गेल्या दोन-तीन महिन्यांत साधारण कसं चाललं होतं ते कळतं. आदल्या दिवशी उपास करून तिथे लबाडी करता येत नाही.”

“म्हणजे कढईचं बूड,” मालकीणबाई म्हणाल्या. “वर पाक कसाही चकचकीत दिसो, आच किती लागली ते बूड सांगतं.”

सुनेने मान डोलावली. “हो. तसंच.”

“मग येऊ दे. खरवडून बघा सगळे.”

बोलून तर गेल्या, पण त्यांच्या स्वतःच्याच मनात पाल चुकचुकत होती. माणसाने एकदा चोर म्हटलं तर राग येतो. यंत्राने रोज सकाळी म्हटलं तर माणूस स्वतःचे खिसे तपासू लागतो. सकाळी उठल्यावर त्या जीभ टाळूला लावून बघायच्या, गोड लागते का. झोपेत चालत जाऊन काही खात असू का, असंही एकदा मनात येऊन गेलं. शिवाय मेलं अलीकडे कामातही काहीतरी बिनसलं होतं. पाकातल्या फळांचे दोन घाणे बाटल्यांत बसून रवाळ झाले होते, साखर तळाशी जमली होती. त्यांनी साखर हलकी म्हणून वाण्याला झापलं, हवा दमट म्हणून हवेला झापलं. बोटाला झापायचं सुचलं नव्हतं.

त्या दिवशी आकड्याच्या रागाने त्यांनी सकाळचा पावही अर्धाच खाल्ला. वाढलेली गोळी मात्र पाण्याबरोबर नीट घेतली. घेतली नाही म्हणायला कुणाला जागा नको.

ऊन खिडकीतून शेगडीपर्यंत आलं तेव्हा संत्र्यांचा गर कढईत रटरटत होता. मालकीणबाईंनी तार बघितली. मग पुन्हा बघितली. मग पळी कढईच्या काठावर ठेवायला गेल्या आणि ती काठाऐवजी फरशीवर पडली.

“मालकीणबाई, घाम बघा किती आलाय,” रेडिओ म्हणाली. “शेगडी सोडा जरा. अहो, ऐकताय ना? हात किती कापतोय! अगं बाई, या बघतायत कुठे?”

मालकीणबाई बघत होत्या, पण एका कढईच्या दोन झाल्या होत्या आणि रेडिओचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. त्यांना म्हणायचं होतं, आच कमी कर. तोंडातून निघालं ते भलतंच. कुणीतरी त्यांना स्टुलावर बसवलं. सून यंत्र घेऊन धावली, तोच हात धरला, टोचलं.

“एकशे शहाण्णव.”

रेडिओने तोवर वाटीत पाक घेतला होता. “द्या पाजून दोन घोट. माझ्या काकीचं असंच व्हायचं, साखर उतरायची.”

“खबरदार!” सून ओरडली. “आधीच चढलेली आहे! घालवायचंय का त्यांना?”

वाटी हवेत थांबली. मालकीणबाईंची मान एका बाजूला कलत होती. धीर द्यायला काही सुचेना म्हणून सुनेने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मग घाम पुसायला तिने आपला हात सोडवला, तर तो सुटता सुटेना. अंगठा त्यांच्या बोटाला चिकटला होता. तिने तो ओढला. दोघींच्या बोटांमध्ये केसासारखी तार ताणली गेली, थरथरली आणि तुटली.

सून त्या तुटलेल्या तारेकडे बघत राहिली, डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ.

“साबण! पाणी आणा, साबण आणा!”

तिने सासूचा हात बादलीत बुडवून चोळचोळून धुतला, कोरडा केला, यंत्रात नवी पट्टी घातली, नवी सुई टोचली.

चोपन्न.

“ती वाटी इकडे द्या,” सून म्हणाली. “आई, गिळा. थोडं थोडं. गिळा, माझं ऐका.”

ज्या पाकासाठी रोज चोरीचा आळ येत होता तोच पाक सून आता आपल्या हाताने चमच्या-चमच्याने भरवत होती. थोड्या वेळाने एक कढई कमी झाली. मग रेडिओचा आवाज विहिरीतून वर आला. मालकीणबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली.

“चमच्याने काय देतेस? औषध आहे का?”

“औषधच आहे,” सून म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसून रडायला लागली.

“रड नंतर. आधी ती आच कमी कर, घाणा लागतोय.”

संध्याकाळी तीन महिन्यांचा आकडा आला. सात पूर्णांक एक. यंत्राचं रोजचं म्हणणं खरं असतं तर तो दहाच्या आसपास यायला हवा होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साखर रक्तात नव्हती तेवढी बोटावर होती आणि त्या बोटावरच्या साखरेला उतारा म्हणून वाढलेली गोळी पोटात जात होती. त्यांनी गोळी पुन्हा कमी केली, आणि टोचण्याआधी हात साबणाने धुवायचं विसरू नका म्हणून दोनदा बजावलं.

मुलगा मान खाली घालून मागच्या खोलीत आला. “आई, चुकलो. शेगडी तुझीच.”

मालकीणबाई आपल्या बोटांकडेच बघत राहिल्या. मुलाला वाटलं, राग आहे. रेडिओला वाटलं, आता उद्या सगळ्यांची कंबख्ती. पण जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर जो उजेड असतो तो काही त्यांच्या तोंडावर नव्हता. त्या अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून पाण्याचं भांडं, साबण आणि धुतलेला पंचा घेऊन आली. सासूचा हात तिने लहान मुलाचा धुवावा तसा धुतला, एकेक बोट पुसलं, टोचलं.

“एकशे एकतीस.” तिने यंत्र खाली ठेवलं. “आई, मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. मला माफ करा.”

मालकीणबाईंचं लक्ष नव्हतं. “टोचलंस का?”

“हो, झालं की.”

“कुठल्या बोटाला?”

सुनेने दाखवलं. बोटाच्या टोकावर रक्ताचा लाल ठिपका होता. रोज सकाळी सुई खाऊन हूं की चूं न करणारी सासू सुनेला मोठी धीराची वाटायची. मालकीणबाईंनी तो ठिपका पुसला, उठून कढईपाशी गेल्या आणि पळीतला थेंब बोटांवर घेतला. घासून बघितलं. आत्ता धुतलेलं बोट आणि पाकातलं बोट त्यांना सारखंच लागत होतं. तार डोळ्यांना दिसत होती, तेवढंच. ती किती ताणतेय, केव्हा सुटणार, हे सांगणारं बोट कधीच निघून गेलं होतं, न सांगता.

“इकडे ये,” त्या म्हणाल्या. “हात कर पुढे.”

सुनेने भीत भीत हात पुढे केला. मालकीणबाईंनी पळीतला थेंब तिच्या अंगठ्यावर सोडला. सोलणाऱ्या दोघींचे हात कालच्यासारखेच थांबले.

“दाब. आता सोड, हळू. काय लागतं?”

“ओढ लागते. मग... मग एकदम सैल होतं.”

“तेच.”

त्यांनी पळी सुनेच्या दुसऱ्या हातात दिली. मग कालचं ज्यांनी ऐकलं होतं त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “तू मला चोर म्हणालीस, ते मी विसरणार नाही. शेवटच्या घटकेलासुद्धा तुला ऐकवून मगच डोळे मिटीन. पण माझा हात चिकट आहे हे तुला कळलं आणि मला नाही कळलं. तुझ्या डॉक्टरणीला हेही सांग, बोटं गेली माझी. ज्या हाताला कळतं, कढई त्या हाताची. तार तू बघायचीस. आणि मला टोचल्यावर आधी हात धू, मग पाकात घाल. माझं रक्त काय जॅममध्ये विकायचंय?”