एकशे तेराच्या पुढे

शेवटी बाकी शून्य आली. नानासोंनी फरशीवर खडूनं मांडलेला भागाकार वरपासून पुन्हा तपासला. १२३४५६७ ला १२७ नं पूर्ण भाग जात होता, उत्तर ९७२१. मग त्यांनी पायानंच सगळं पुसून टाकलं.

ही संख्या त्यांनी दिलेली नव्हती. त्यांची नात समीक्षा चौथीपासून रोज संध्याकाळी त्यांच्याकडंच कोडी मागायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तेवढी एकच विद्यार्थिनी त्यांना उरली होती. पण उन्हाळ्यात शेजारची पल्लवी कोइमतूरहून विट्याला परत आली. तिच्या नवऱ्याचं तिकडं सोनं गाळायचं दुकान. तिनं पोरीला सांगितलं, संख्याही गाळायची असते. भाग देत जायचं, शेवटी जी फुटतच नाही ती मूळ संख्या, चोख सोनं. ही संख्याही तिनंच गाळायला दिलेली. तेव्हापासून जेवतानासुद्धा पल्लवीकाकूचंच पुराण. सारी नोकरी मूळ संख्या शिकवण्यात गेली आणि आपल्याला हे कसं सुचलं नाही, या विचारानं नानासोंचा घास कडू व्हायचा.

शाळेतून आल्याआल्या समीक्षा वही घेऊन बसली. दोन, तीन, पाच, सात करत कितीतरी दिवस ती एकेक मूळ संख्या लावून बघत होती. एकशे तेरानंही बाकी उरली. पुढची मूळ संख्या शोधत ती एकशे वीसच्या पलीकडं गेली, तरी मिळेना. तिनं जांभई दिली.

"आबा, ही मूळच असंल. व्हय ना?"

नानासो चष्मा पुसत राहिले.

"व्हय, मूळच हाय. सोड आता. मी दुसरं देतो की."

तिनं लगेच वही मिटली.

"काकू म्हणालेली, नुसतं वाटतंय म्हणून मानायचं न्हाई. पर तुमी सांगितलं म्हंजे झालं. सांगून येते तिला."

ती उंबऱ्यापर्यंत पोचली.

"समे, थांब जरा."

ती वळली. नानासोंनी चष्मा डोळ्यांवर चढवायला बराच वेळ लावला.

"मी शंभराच्या पुढं बघितलंच न्हाई गं. अंदाजानं बोललो. एकशे तेराच्या पुढची मूळ संख्या कुठली?"

ती उभ्यानंच मोजू लागली. मोठा ओसाड पट्टा होता तो. भलेभले तिथंच कंटाळतात.

"एकशे सत्तावीस?"

"मला नको विचारू. भाग दे."

पेन्सिल कुरकुरत राहिली. ते मोरीकडं तोंड करून बसले. बाकी शून्य आली तशी ती वही छातीशी धरून धावतच गेली. शेजारची कडी वाजली आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"काकू, फुटली बघ. मीच फोडली. आबांना जमलंच न्हवतं."

नानासो उठले, मधलं दार लोटून घेऊ लागले आणि अर्ध्यावर थांबले. उरलेल्या ९७२१ बद्दल पल्लवी आता काय सांगते, ते त्यांना ऐकायचं होतं.