डावीकडची खुर्ची

मेंदूविज्ञानाचा प्राथमिक अभ्यासक्रम दारियाने घेतला, तो वेळापत्रकात बसत होता म्हणून. कॅनडातल्या सस्कातूनच्या विद्यापीठात तिचं पहिलंच वर्ष. वर्गात ती मागे बसायची आणि शेजारी तिची खोलीतली मैत्रीण टेगन.

"मेंदूच्या उजव्या भागाला झटका आला, की काहींचं डावीकडचं जगच नाहीसं होतं," लामरू सर सांगत होते. "डोळे शाबूत असतात, लक्ष तिकडे जात नाही." त्यांनी एक जुनी चित्रफीत लावली.

दवाखान्यात चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस जेवत होता. ताटातला उजवा अर्धा भाग त्याने चाटूनपुसून खाल्ला, डावीकडचे बटाटे तसेच ठेवले आणि कुरकुरला, "एवढंच? उपाशी मारता काय मला?"

वर्ग हसला.

"भारी आहे हा," टेगन कुजबुजली.

"माझे बाबा आहेत ते."

टेगनचं हसू विरलं. "चल, बाहेर जाऊ."

"नको. परीक्षेत येईल हे."

दारियाने सगळं उतरवून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

बाबा गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. आजारपणात ते जेवताना तिच्या भावाशी गप्पा मारायचे, तिच्याकडे मात्र बघायचेही नाहीत. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिने मनाशी धरलं आणि कधी कुणाला विचारलं नाही.

तास संपल्यावर तिने जिन्यातूनच आईला फोन लावला.

"आई, बाबा आजारी असताना मी टेबलाला कुठे बसायचे?"

"त्यांच्या डावीकडे, खिडकीपाशी. का गं?"

"तिकडचं त्यांना दिसायचं नाही."

"म्हणून तर. डॉक्टर म्हणाले होते, त्या बाजूला बोलकं माणूस बसवा, हळूहळू वळतील. घरात सगळ्यात बडबडी तूच होतीस."

"मला सांगितलं नाहीत."

"एवढीशी होतीस. काय सांगणार तुला?" मग आईनेच विचारलं, "रडतेस का?"

"नाही."

खरंच रडत नव्हती. फोन ठेवल्यावर काहीतरी दाटून येईल म्हणून ती थोडा वेळ कठड्याला टेकून उभी राहिली. काही आलं नाही. विद्यार्थी बाजूने उतरत होते, कुणाची तरी बॅग तिच्या खांद्याला घासून गेली.

"बरी आहेस ना?" तिच्यासाठी थांबलेल्या टेगनने विचारलं.

"हं. पुढचा तास कुठल्या इमारतीत आहे?"

टेगनने सांगितलं. दोघी जिना उतरू लागल्या.