चौदा शिक्के

शाळेत ग्रंथपालबाईंना मुलांनी नाव ठेवलं होतं 'तुला-काय-वाटतं'. त्यांना काहीही विचारा, अगदी घंटा झाली का म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं: "तुला काय वाटतं?" शिक्षकखोलीतही यावरून थट्टा चाले. गणिताचे सर म्हणायचे, "बाईंना आग लागल्याचं सांगायला गेलात, तर त्या तुम्हालाच धूर शोधायला धाडतील."

बाईंना त्याचं काही वाटत नसे. सातवीचा ग्रंथालयाचा तास हा त्यांचा जीव की प्राण. इतर शाळांत या तासाला मुलं मासिकांतली चित्रं बघत पेंगतात. इथे प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न आणायचा आणि पाच आठवडे हात धुऊन त्याच्या मागे लागायचं. प्रश्न असा हवा, की ज्याचं उत्तर बाईंनाही ठाऊक नाही. उत्तर तीन ठिकाणी शोधायचं: कागदात, माणसात आणि स्वतःच्या डोळ्यांनी. माणूस उत्तर टाळू लागला तर पुन्हा विचारायचं, पण रिकाम्या हाताने उठून यायचं नाही. आणि जे सापडेल त्याच्याखाली ते कुठून आलं हे लिहायचं. नाही लिहिलं, तर बाईंचं लाल पेन तिथे दोनच शब्द लिही: "कोण म्हणतं?"

दाराशेजारच्या फळ्यावर यंदाचे प्रश्न टाचलेले होते. आजोबांचं घोरणं खुद्द आजोबांना का ऐकू येत नाही? मुख्याध्यापकांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे कुणी केलं? नवा खडू जास्त का किरकिरतो? आणि अगदी कोपऱ्यात, ठसठशीत अक्षरात: 'एकच पुस्तक कुणी चौदा वेळा घरी का नेतं?'

हा शेवटचा प्रश्न एका दोन वेण्यांच्या मुलीचा. तिला सगळा वर्ग 'चौकशीची खिडकी' म्हणे, आणि ती खिडकी कधी बंद झालेली कुणी पाहिली नव्हती. वाफेच्या इंजिनांवरचं एक जाडजूड पुस्तक चाळताना तिला मागच्या पाकिटात जुनं कार्ड सापडलं होतं. कॉम्प्युटर आल्यापासून शिक्के मारणं बंद झालं, पण जुन्या पुस्तकांतली कार्डं बाईंनी काढू दिली नव्हती. त्या कार्डावर एकाच हजेरी क्रमांकापुढे पुस्तक नेल्याच्या तारखा आणि त्यांच्यासमोर परत केल्याचे ओळीने चौदा शिक्के होते.

बाईंनी तो क्रमांक पाहिला होता आणि ओळखलाही होता. तो त्यांच्या मुलीचा होता. उत्तर त्यांच्या मते त्यांना ठाऊक होतं: मुलगी लहानपणापासून यंत्रवेडी. ती इंजिनांचं पुस्तक पुन्हा पुन्हा नेते हे बघूनच त्यांनी तिच्याच आवडीची म्हणून पुढची सगळी वाट आखली होती, वर्ग लावले होते, मोठं कॉलेज धुंडाळलं होतं. नियमाप्रमाणे हा प्रश्न नाकारायला हवा होता. पण बाईंनी तो स्वतःच्या हाताने फळ्यावर टाचला. मुलीबद्दल कुणीतरी काहीतरी विचारत होतं, एवढंच त्यांना बरं वाटलं होतं.

मुलगी सात वर्षांपूर्वी परदेशी गेली, ती तिकडे एका कारखान्यात यंत्रं घडवत होती. या रविवारी तिचा फोन आला होता.

"आई, इथे मला कायम करतायत. हो म्हटलं तर पाच वर्षं हलता येणार नाही. नाही म्हटलं तर वर्षअखेरीला मी घरी. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तुला काय वाटतं?"

बाईंना ये, एवढंच म्हणायचं होतं. पण जिभेला वळण पडलेलं.

"तुला काय वाटतं?" त्या म्हणाल्या.

 मग "बघते," म्हणून मुलीने फोन ठेवला.

बाईंचंही अगदीच चूक नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या आईने त्यांना विचारल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता. कॉलेज कुठलं, नवरा कुठला, पडद्यांचा रंग कुठला, सगळं आईच्या मनासारखं. नवरा गेल्यावर पदरात पाच वर्षांची पोर राहिली, तेव्हा बाईंनी मनाशी गाठ मारली की हिच्या पायात आपली दोरी बांधायची नाही. ती गाठ त्यांनी इतकी घट्ट मारली की आता त्यांना स्वतःलाही सुटेना. सात वर्षांपूर्वी विमानतळावरही मुलीने विचारलं होतं, "जाऊ ना गं?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "तुझं तू ठरव."

रविवारपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी चहाचे दोन कप काढायच्या आणि एक परत ठेवायच्या. मुलीच्या खोलीतली चादर धुतलेलीच होती, ती पुन्हा धुतली. फोन हातात घ्यायच्या, आपण काही बोललो आणि तिचं नुकसान झालं तर, असा विचार करून खाली ठेवायच्या. मुलीची आठवण येते हे त्यांनी सात वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. खुद्द मुलीलाही नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर चौकशीची खिडकी वही घेऊन त्यांच्या टेबलासमोर हजर झाली.

"बाई, कागद झाला. आता माणूस."

"मग शोध की माणूस."

"शोधला. जुन्या नोंदवहीत त्या क्रमांकापुढे पत्ता आहे. तो तुमच्या घराचा आहे." तिने पेन्सिल सरसावली. "ती तुमची कोण?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"मुलगी."

"मग ती तेच पुस्तक का न्यायची?"

"तुला काय वाटतं?"

"बाई, असं नाही चालत हं!" पोर चांगलीच तडकली. "आत्ता तुम्ही बाई नाही, तुम्ही माझा माणूस आहात. माणसाने उत्तर द्यायचं असतं. तुम्हीच सांगितलंय, रिकाम्या हाताने उठायचं नाही."

बाईंना हसू आलं. आपलाच नियम आपल्याच गळ्यात पडला होता. "तिला यंत्रांची आवड होती," त्या म्हणाल्या. "फार वेड होतं तिला."

पोरीने ते लिहून घेतलं आणि कार्ड टेबलावर सरकवलं. "मग हे बघा ना. आज नेलं, उद्या परत. पुन्हा दोन दिवसांनी नेलं, दुसऱ्या दिवशी परत. चौदाही वेळा तसंच. चारशे पानं एका रात्रीत कोण वाचतं? तिने ते वाचलंच नसेल, बाई."

बाई कार्डाकडे बघत राहिल्या. शिक्के त्यांनीच मारले होते, आपल्या हाताने, एकेक तारीख फिरवून. पोरांना वीस वर्षं डोळे उघडे ठेवायला शिकवलं आणि स्वतः मात्र डोळ्यांवर कातडं ओढून बसलो, असं त्यांना वाटलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. हे शब्द शाळेत त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नसतील.

"मग तिला विचारलं का नाही?"

बाईंनी कार्ड उचलून पुन्हा खाली ठेवलं. पोरीने वहीत ती ओळ मोकळी सोडली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. उठायची काही लक्षणं दिसेनात. बाई फोन घेऊन मागच्या कपाटांपाशी गेल्या. तिकडे आत्ता सकाळ असणार होती.

"आई? सगळं बरं आहे ना? तू या वेळी कधी करत नाहीस."

"बरं आहे गं. एक विचारायचं होतं. वाफेच्या इंजिनांचं ते पुस्तक. सातवीत तू चौदा वेळा नेलं होतंस."

पलीकडे मुलगी खळखळून हसली. "तुला आज आठवलं?"

"एवढं आवडायचं?"

"छे गं! एक पान धड वाचलं नाही मी त्याचं. यंत्रं नंतर आवडायला लागली, कॉलेजात." हसणं हळूहळू विरलं. "तू घरी यायचीस ती दमून. स्वयंपाक, शिकवण्या, मग डोळा लागायचा तुझा. पण पुस्तक परत करायला रांगेत उभं राहिलं, की तू प्रत्येकाला विचारायचीस, 'काय सापडलं तुला यात?' आणि समोरचा बोलेपर्यंत शिक्का हातात धरून थांबायचीस. माझ्यासाठीसुद्धा थांबायचीस."

"मग दुसरी पुस्तकं का नाही नेलीस?"

"ती वाचावी लागली असती ना! त्यात आठवडा गेला असता. या पुस्तकाचं काय, कुठलंही चित्र उघडायचं आणि सांगायला काहीतरी शोधून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुझ्यासमोर."

बाईंनी कपाटाला हात टेकला. समोर पुस्तकांच्या पाठी ओळीने उभ्या होत्या, त्यांना एकही नाव वाचता येईना.

"ऐक," त्या म्हणाल्या. "रविवारी तू मला विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नाही. मला वाटतं तू यावंस. घर खायला उठतं. सात वर्षं रोज तुझी आठवण येते आणि मी रोज गिळते. तू राहावंस असं मला तेव्हाही वाटत होतं, विमानतळावर. जाऊ नकोस असं वाटत होतं."



"आई," मुलगी म्हणाली, "मी कालच सही केली. तू काही बोलली नाहीस, मला वाटलं तुला चालेल."

बाईंनी डोळे मिटले. पाच वर्षं. आपलं वय त्यांनी मोजलं आणि सोडून दिलं.

"बरं केलंस," असं म्हणायची सवय ओठांपर्यंत आली होती. त्यांनी ती मागे ढकलली.

"मला चालत नाही," त्या म्हणाल्या. "सही केलीस तर राहा, तुझं काम नेटाने कर. पण मला चालतं असं समजू नकोस. मला तू हवी आहेस."

पलीकडे मुलगी रडत होती की हसत होती, कळेना. मग तिचा आवाज आला. भरलेला, पण सातवीतल्या पोरीसारखा खट्याळ.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते," बाई म्हणाल्या. "मी. तुझी आई."

"पुन्हा सांग."

बाईंनी पुन्हा सांगितलं. बाकावरची मुलगी पेन्सिल हातात धरून, त्या येईपर्यंत थांबून राहिली होती.